लाल स्टिकरच्या पुढे काय?

प्रति,
माननीय सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.



दर महिन्याच्या ९ तारखेला आपल्या खात्याच्या आरोग्य केंद्रांत गरोदर बायकांची रांग लागते. २०१६ पासून चाललेल्या प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाचा तो दिवस. वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन, लघवी सगळं पाहिलं जातं आणि जिच्या गरोदरपणात धोका आहे तिच्या कार्डावर लाल स्टिकर लागतो. पोटात जुळं असेल तर तो लागतोच. हे काम आमच्या सिस्टर आणि आशाताई चोख करतात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. स्टिकर लागला, त्या दिवसापासून त्या बाईसाठी नेमकं काय वेगळं होतं?

मी निवृत्त स्त्रीरोगतज्ज्ञ. नोकरीचा बहुतेक काळ तालुक्याच्या आणि उपजिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयांत गेला. मी जे पाहत आले त्यावरून उत्तर देते: फारसं काही नाही. तिला ‘जपून राहा’ म्हणतात, लोहाच्या गोळ्या देतात, पुढच्या ९ तारखेला बोलावतात. ती खासगीत गेली तर दुसरं टोक. तिथे चौथ्या महिन्यापासून अंथरुणावर झोपवतात, आठवड्याला एक इंजेक्शन देतात, पोट घट्ट होऊ नये म्हणून गोळ्या देतात आणि कधी कधी ‘सेफ्टी’ म्हणून पिशवीला टाकाही घालतात. सरकारी बाईला काहीच मिळत नाही, खासगीतलीला नको ते सगळं मिळतं, आणि दोघींची बाळं तिसाव्या आठवड्यात आली की घरचे म्हणतात, नशीब.

यात नशिबाचा वाटा आहे, नाही असं नाही. पण तो आपण समजतो तेवढा मोठा नाही.

आधी कशाबद्दल बोलते आहे ते सांगते. ३७ आठवडे झाले की दिवस भरले असं आम्ही धरतो. जुळ्यांतली निम्म्याहून अधिक त्याआधीच येतात. दोन बाळं, दोन पाणपिशव्या, ताणलेलं गर्भाशय. शरीराला घाई होणारच. ३५-३६ आठवड्यांच्या जुळ्यांची मला तेवढी धास्ती वाटत नाही. थोडी कावीळ, थोडी दूध ओढायची अडचण, मग बहुतेक घरी जातात. धास्ती आहे ती ३२ आठवड्यांच्या आत येणाऱ्यांची, आणि जुळ्यांमध्ये हे प्रमाण साधारण दहात एक आहे. एकट्या बाळाच्या मानाने कितीतरी पट. त्यांची फुप्फुसं उघडलेली नसतात, मेंदूतल्या नाजूक रक्तवाहिन्या फुटतात, डोळ्यांचा पडदा नीट तयार झालेला नसतो, आतडी दूध सोसत नाहीत. जी जगतात त्यांतल्या काहींचं चालणं, दिसणं, शिकणं कायमचं अडखळतं. २०२० मध्ये भारतात सुमारे ३० लाख बाळं अपुऱ्या दिवसांची जन्मली, जगातल्या कुठल्याही देशापेक्षा जास्त. त्यात जुळ्यांचा वाटा त्यांच्या संख्येच्या मानाने फार मोठा.

आपल्याकडे म्हणतात, सातमाशी जगते, आठमाशी जगत नाही. ही समजूत किती बाळांना भोवली असेल देव जाणे. सातव्यात कळा सुरू झाल्या तर ‘होऊ दे, जगेल’ म्हणून घरीच थांबलेल्या सासवा मी पाहिल्या आहेत. खरं गणित अगदी सरळ आहे. पोटात काढलेला प्रत्येक आठवडा बाळाच्या बाजूचा. अठ्ठावीसपेक्षा तीस बरा, तिसापेक्षा बत्तीस फार बरा. आशाताईंच्या प्रशिक्षणात हे वाक्य ठळक अक्षरांत असायला हवं.

आता न चालणाऱ्या उपायांकडे येते. त्यांच्यावर लोकांचे पैसे आणि विश्वास दोन्ही खर्च होतात.

पहिला ‘बेड रेस्ट’. याच्याविरुद्ध बोलणं म्हणजे मातृत्वाविरुद्ध बोलण्यासारखं वाटतं, इतका तो मुरलेला आहे. झिम्बाब्वेतल्या हरारे इथे जुळं असलेल्या बायकांवर याची रीतसर चाचणी झाली. काहींना विश्रांतीसाठी रुग्णालयात दाखल केलं, काहींना घरी नेहमीसारखं राहू दिलं. १९८५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निकाल छापून आला. दाखल केलेल्यांमध्ये अकाली बाळंतपणं कमी झाली नव्हती, उलट जास्त दिसली. नंतरच्या सगळ्या अभ्यासांची एकत्र छाननी झाली तेव्हाही विश्रांतीने जन्म लांबतो असं काही सापडलं नाही. अंथरुणाला खिळलेल्या बाईच्या पायांत रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात, स्नायू गळतात, मन खचतं, आणि मजुरीवर जगणाऱ्या घराची चूल विझते. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत अकाली जन्म रोखण्यासाठी जुळ्यांच्या आईला सरसकट अंथरुणात विश्रांती, टाका, पेसरी (गर्भपिशवीच्या तोंडाभोवती बसवायची कडी) किंवा कळा थांबवणाऱ्या गोळ्या देऊ नका असं लिहिलं आहे.

दुसरं दर आठवड्याचं हायड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉनचं इंजेक्शन. बायका त्याला ‘गर्भ टिकवायचं इंजेक्शन’ म्हणतात. जुळं असलेल्या ६६१ बायकांवर अमेरिकेत त्याची चाचणी झाली. २००७ मध्ये निकाल आला: फायदा नाही. एप्रिल २०२३ मध्ये तिथल्या औषध प्रशासनाने अकाली बाळंतपण रोखण्यासाठी त्याला दिलेली मंजुरीच काढून घेतली. आपल्याकडच्या औषधांच्या दुकानांत मात्र ते दिमाखात आहे. तिसऱ्या आयसोक्सुप्रिनसारख्या गोळ्या. त्यांनी छातीत धडधड होते, बाळंतपण लांबत नाही.

टाक्याची गोष्ट जरा गुंतागुंतीची आहे आणि तिच्यावर थांबायला हवं, कारण इथेच चांगले डॉक्टरही चुकतात. एकट्या बाळाच्या गरोदरपणात, आधी बाळंतपण अकाली झालेलं असेल आणि गर्भपिशवीचं तोंड आखूड झालेलं असेल, तर टाका उपयोगी पडतो. म्हणून मनाला वाटतं, जुळ्यात तर तो जास्तच उपयोगी. पण २००५ मध्ये चाचण्या एकत्र करून पाहिलं तेव्हा जुळ्यात, नुसतं तोंड आखूड आहे म्हणून टाका घातलेल्या बायकांची बाळंतपणं ३५ आठवड्यांच्या आत होण्याचं प्रमाण टाका न घातलेल्यांच्या सुमारे दुप्पट होतं. बायकांची संख्या लहान होती, पण ‘सेफ्टीसाठी टाका’ या सवयीला लगाम घालायला ती पुरेशी होती. मग २०२० मध्ये दुसरी चाचणी आली. २४ आठवड्यांच्या आत ज्यांचं तोंड प्रत्यक्ष उघडलेलं होतं, म्हणजे एक ते पाच सेंटिमीटर, अशा जुळ्यांच्या आयांपैकी निम्म्यांना टाका घातला. त्या गटातली सुमारे १८ टक्के बाळं दगावली, टाका न घातलेल्या गटातली ७७ टक्के. बायका फक्त तीस होत्या आणि फरक इतका उघड दिसू लागला की चाचणी मध्येच थांबवावी लागली. तेव्हा तोंड उघडलेलं असेल तर टाका, नुसतं आखूड असेल तर नाही. आणि हा फरक तपासल्याशिवाय कळत नाही. मग तपासायचं कधी, कोणी, कुठल्या यंत्राने? आपल्या खात्याचा संबंध इथून सुरू होतो.

मंत्रिमहोदय, माझी सगळ्यात मोठी मागणी पहिल्या सोनोग्राफीबद्दल आहे. ११ ते १४ आठवड्यांच्या मधली. तिच्यातून तीन गोष्टी कळतात आणि तिन्ही नंतर तितक्या नीट कळत नाहीत: बाळं किती, गर्भाचं नेमकं वय किती, आणि दोन बाळांना वार एक की दोन.

ही वारेची गोष्ट आमच्या अहवालांतून बहुतेक वेळा गायब असते. वेगवेगळ्या दोन वारा असलेली जुळी तुलनेने सुरक्षित. पण साधारण पाचांत एक जुळं एकाच वारेवर वाढत असतं आणि त्या वारेत दोघांच्या रक्तवाहिन्या एकमेकींना जोडलेल्या असतात. अशा शंभर जुळ्यांतल्या दहा ते पंधरांमध्ये एका बाळाचं रक्त दुसऱ्याकडे वाहत राहतं. देणारं बाळ सुकतं, त्याच्याभोवतीचं पाणी आटतं. घेणाऱ्याच्या हृदयावर ताण येतो आणि त्याच्याभोवती पाणी इतकं साठतं की गर्भाशय फुगून कळा सुरू होतात. काही केलं नाही तर बहुतेक वेळा दोघंही जातात, किंवा अगदी कोवळ्या वयात जन्माला येतात. यावर उपाय आहे. १६ ते २६ आठवड्यांच्या दरम्यान आईच्या पोटातून बारीक दुर्बीण घालून त्या जोडरक्तवाहिन्या लेसरने बंद करता येतात. युरोपातल्या चाचणीचा निकाल २००४ मध्ये आला. नुसतं पाणी काढत राहिलेल्या गटात निम्मी बाळंतपणं २९ आठवड्यांपर्यंत झाली होती, लेसरच्या गटात ३३ च्या पुढे. चार आठवडे! अकाली जन्म रोखायचे म्हणून आपण ज्या इंजेक्शनांवर पैसे उधळतो त्यांतल्या एकानेही चार दिवस मिळवून दिलेले नाहीत.

पण लेसर करायचा तर आजार वेळेत दिसला पाहिजे. त्यासाठी एका वारेच्या जुळ्याची १६ व्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी सोनोग्राफी हवी. आणि वार एकच आहे हे तर १४ आठवड्यांच्या आत पाहिलेलं हवं; नंतर दोन पिशव्यांमधला पडदा पातळ होतो, वारा एकमेकींना टेकतात आणि तज्ज्ञालाही छातीठोक सांगता येत नाही. एक बाई माझ्याकडे सव्विसाव्या आठवड्यात आली. दोन आठवड्यांत पोट अचानक वाढलेलं, श्वास लागत होता. घरच्यांना आनंद, शेजारणींना कौतुक, पोट कसं भरगच्च दिसतंय म्हणून. तिच्याजवळ सोनोग्राफीचा एकच कागद होता, पाचव्या महिन्यातला. त्यावर लिहिलं होतं, जुळे जिवंत गर्भ, दोघांचे ठोके चांगले. वारेबद्दल एक शब्द नाही. तिला मोठ्या शहरात पाठवायची तजवीज चालू असतानाच ती बाळंत झाली. दोघी मुली होत्या, राहिल्या नाहीत. तो कागद लिहिणाऱ्याने काही खोटं लिहिलं नव्हतं. त्याला वार एक की दोन हे विचारणारा रकानाच नव्हता.

आपल्या राज्यात सोनोग्राफीभोवती कागदपत्रं कमी आहेत असं कोणी म्हणणार नाही. गर्भलिंगनिदानाविरुद्ध १९८८ मध्ये देशात सर्वांत आधी कायदा महाराष्ट्राने केला, मग १९९४ चा केंद्राचा कायदा आला, आणि प्रत्येक सोनोग्राफीमागे एफ फॉर्म भरावा लागतो. ते योग्यच आहे, त्यात ढिलाई नको. पण मुलगी आहे का हे कोणी पाहू नये म्हणून आपण एवढी काटेकोर व्यवस्था उभी केली, तर वार एक आहे का हे प्रत्येकाने पाहावं म्हणून एक रकाना का छापू शकत नाही? जुळ्याच्या अहवालाचा वेगळा नमुना करा. त्यात गर्भाचं वय, वार एक की दोन, मधला पडदा आहे की नाही, हे भरल्याशिवाय अहवाल अपुरा धरा.

दुसरी तपासणी १८ ते २४ आठवड्यांच्या मधली, गर्भपिशवीच्या तोंडाची लांबी मोजण्याची. ती पोटावरून नीट दिसत नाही, योनीमार्गे करावी लागते. खेड्यातल्या बायका आधी संकोचतात, पण सिस्टरने दोन वाक्यांत समजावलं की बहुतेकी तयार होतात. संकोच जास्त करून आमच्या डॉक्टरांनाच असतो. लांबी २५ मिलिमीटर किंवा कमी भरली तर धोका बराच वाढतो. मग काय द्यायचं यावर तज्ज्ञांत एकमत नाही. योनीमार्गे द्यायच्या प्रोजेस्टेरॉनबाबत सहा चाचण्यांतल्या अशा ३०३ बायकांची माहिती २०१७ मध्ये एकत्र केली, तेव्हा ३३ आठवड्यांच्या आतले जन्म सुमारे तिसऱ्या हिश्श्याने कमी दिसले. नंतरच्या मोठ्या छाननीत जुळ्यांबाबत इतकं स्पष्ट उत्तर मिळालं नाही. मी स्वतः तोंड आखूड असलेल्या बाईला ते देते, सरसकट सगळ्या जुळ्यांना देत नाही. पण औषधापेक्षा ती मोजणी मला मोलाची वाटते, कारण कोणाला जिल्ह्याच्या ठिकाणाजवळ ठेवायचं हे तिच्यावरून ठरवता येतं.

एका स्वस्त गोळीचंही नाव घेते, अ‍ॅस्पिरिन. जुळ्यात रक्तदाब वाढण्याचा धोका मोठा, आणि तो हाताबाहेर गेला की आईचा जीव वाचवायला बाळं लवकर काढावी लागतात. जुळं असून शिवाय बाई पहिलटकरीण असेल, किंवा असं आणखी एखादं कारण असेल, तर बाराव्या आठवड्यापासून कमी मात्रेत अ‍ॅस्पिरिन द्या असं ‘नाइस’ सांगते. यातही पहिली भेट बाराव्या आठवड्याच्या आसपासच व्हायला हवी, हे आलंच.

समजा सगळं करूनही कळा आल्या. तेव्हा प्रश्न जन्म रोखण्याचा उरत नाही, जन्म कुठे होणार हा उरतो. इथे एक धडा आपल्याच मातीतला आहे. आईला दिलेलं स्टेरॉइड बाळाची फुप्फुसं लवकर तयार करतं हे १९७२ पासून माहीत आहे. मग खेड्यापाड्यांत सर्रास द्यायला सुरुवात केली तर? सहा देशांत हा प्रयोग झाला. त्यात आपलं नागपूर होतं आणि शेजारचं बेळगाव होतं. २०१५ मध्ये निकाल आला तेव्हा सगळे हादरले. बाळांचे मृत्यू घटले नव्हते, दर हजारी साडेतीनने वाढले होते. गर्भाचं वय नीट माहीत नसल्यामुळे ज्यांचे दिवस जवळपास भरले होते अशा कितीतरी बायकांना ते दिलं गेलं, आणि जन्मानंतर बाळाला सांभाळणारी व्यवस्था तिथे नव्हती. मग जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतल्या रुग्णालयांत पुन्हा चाचणी केली. या वेळी वय सोनोग्राफीने ठरवलेलं, २६ ते ३४ आठवड्यांच्या मधल्याच बायका, आणि बाळांची देखभाल करू शकणारीच रुग्णालयं. २०२० चा निकाल: नवजात मृत्यू २३.५ टक्क्यांवरून १९.६ वर. औषध तेच डेक्सामेथासोन, सहा-सहा मिलिग्रॅमची बारा-बारा तासांनी चार इंजेक्शनं. वय कळलेलं असणं आणि जागा योग्य असणं एवढाच फरक. कोणी जुळं आहे म्हणून आधीच ‘एक कोर्स देऊन ठेवू’ म्हणत असेल तर त्यालाही आवरायला हवं; बाळंतपण जवळ आल्याशिवाय ते देऊन फायदा नाही.

केंद्र सरकारने २०१४ मध्येच एएनएम परिचारिकांना, बाईला पुढे पाठवण्यापूर्वी स्टेरॉइडचा पहिला डोस द्यायची मुभा दिली आहे. मॅग्नेशियम सल्फेट गरोदरपणातल्या झटक्यांसाठी प्रत्येक प्रसूतिगृहाच्या कपाटात असतं. तेच, ३० आठवड्यांच्या आत बाळंतपण होऊ घातलं असेल तर, बाळाच्या मेंदूचं रक्षण करतं आणि पुढचं सेरेब्रल पाल्सीचं प्रमाण कमी करतं. कपाट तेच, बाटली तीच. फक्त कोणी सांगितलेलं नाही.

आणि पाठवायचं कुठे? प्राथमिक केंद्रातून ग्रामीण रुग्णालय, तिथून उपजिल्हा, तिथून जिल्हा, तिथून मेडिकल कॉलेज. प्रत्येक पायरीवर केसपेपर, प्रत्येक पायरीवर ‘पुढे न्या’. जिल्हा रुग्णालयातल्या नवजात कक्षात, एसएनसीयूमध्ये, ३४ आठवड्यांच्या बाळाला उत्तम सांभाळतात. अठ्ठावीस आठवड्यांच्या दोन बाळांना लागणारी श्वासाची यंत्रं आणि माणसं तिथे नेहमी असतीलच असं नाही. मग एक बाळ इथे, दुसरं शंभर किलोमीटरवर, आई तिसऱ्याच वॉर्डात आणि बाप एसटीत, हे चित्र नवं नाही. जुळ्याच्या आईचं जायचं ठिकाण २४ व्या आठवड्यात तिच्या कार्डावर लिहून ठेवा: ३२ च्या आत कळा आल्या तर १०८ ची रुग्णवाहिका थेट कुठे नेणार, ३२ नंतर आल्या तर कुठे. पहिलटकरीण सातव्या महिन्यात माहेरी जाते, तेव्हा माहेरच्या जिल्ह्यातलं ठिकाणही त्याच कार्डावर हवं. डोहाळजेवणाची तारीख सगळ्या घराला ठाऊक असते, रुग्णालयाचं नाव कोणालाच नसतं.

विश्रांतीबद्दल वर जे लिहिलं त्याचा कोणी उलटा अर्थ लावू नये म्हणून एक गोष्ट स्पष्ट करते. अंथरुणात झोपवणं वेगळं आणि अवजड काम थांबवणं वेगळं. तासन्‌तास उभं राहणं, जड ओझी उचलणं यांचा अकाली बाळंतपणाशी संबंध अनेक अभ्यासांत दिसला आहे. बीडहून दिवाळीनंतर ऊसतोडीला निघालेल्या बाईला हे कसं लागू करायचं? नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल आधीच घेतलेली, एक खाडा झाला की पैसे कापले जाणार. ती पोटात जुळं घेऊन डोक्यावर मोळी वाहत फडातून ट्रकपर्यंत चालते. तिला ‘जपून राहा’ सांगणं ही चेष्टा आहे. तिला खाड्याचे पैसे भरून द्या. ते दवाखान्याच्या खात्यातून द्यायचे की कामगार खात्यातून, हे आपण मंत्रिमंडळात ठरवा. माझ्या लेखी तो औषधाचाच खर्च आहे. नोकरदार बाईचंही तसंच. मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीने २६ आठवड्यांची रजा दिली, पण बाळंतपणाच्या अपेक्षित तारखेआधी त्यातले जास्तीत जास्त आठ आठवडे. म्हणजे रजा बत्तिसाव्या आठवड्यापासून. जुळ्यांची आई तोवर कळा घेऊन दारात उभी असू शकते, आणि कायदा एक बाळ आणि दोन बाळं यांत फरकच करत नाही.

शेवटचा मुद्दा जुळं राहण्याच्याही आधीचा. आमच्या व्यवसायात तो काढला की वातावरण थंड होतं. जोडकेळं खाल्लं की जुळं होतं म्हणतात; हल्ली जोडकेळ्याचं काम क्लोमिफेनच्या गोळ्या आणि टेस्ट ट्यूब केंद्रं करतात. क्लोमिफेनने राहिलेल्या गर्भांत साधारण दहा-बारांत एक जुळं असतं, आणि ती गोळी सोनोग्राफीवर लक्ष न ठेवता सर्रास लिहिली जाते. टेस्ट ट्यूबच्या बाबतीत मुंबईला अभिमान आहे. ६ ऑगस्ट १९८६ ला डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून केईएममध्ये या तंत्राने बाळ जन्मलं, तो दिवस आमच्या पिढीला आठवतो. पण त्यानंतर एका वेळी दोन-तीन भ्रूण सोडायची जी सवय लागली तिने अपुऱ्या दिवसांची किती जुळी-तिळी जन्माला घातली याचा हिशेब आपण ठेवलेला नाही. जोडपी म्हणतात, बरंच की, एकदाच दोन झाली, सुटलो. त्यांना दोष कसा देणार? एका खेपेचा खर्च लाखात आणि दुसऱ्या खेपेची ऐपत नाही. म्हणून बेल्जियमने २००३ मध्ये सौदा केला: सरकार सहा खेपांचा खर्च देईल, बदल्यात तरुण बायकांत एका वेळी एकच भ्रूण सोडायचा. स्वीडननेही त्याच वर्षी एकाचा नियम केला. ब्रिटनमध्ये नव्वदच्या दशकात या उपचारांतल्या चारांत एकाहून अधिक बाळंतपणं जुळ्या-तिळ्यांची असत. २०१९ मध्ये ती ६ टक्क्यांवर आली. आपल्याकडे सरोगसीच्या २०२२ च्या नियमांत एका वेळी एकच भ्रूण, खास कारण असेल तरच तीनपर्यंत, असं लिहिलेलं आहे. दुसऱ्याचं मूल वाढवणाऱ्या बाईच्या गर्भाशयाला जी काळजी लागू, ती स्वतःचं मूल वाढवणारीला का नको? गोव्याने २०२३ मध्ये गोवा मेडिकल कॉलेजात हे उपचार मोफत सुरू केले. महाराष्ट्र सरकारी पैशाने जिथे जिथे ते करेल तिथे पहिल्या दिवसापासून एकच भ्रूण हा नियम ठेवा आणि उरलेले गोठवून पुढची खेप मोफत द्या. नवजात कक्षात दोन बाळांना दोन महिने ठेवायला काय खर्च येतो, ते आपले अधिकारी सांगतील.

मंत्रिमहोदय, आपल्यासमोर रोज कोट्यवधींच्या योजना येतात. मी मागते आहे त्यातलं बरंचसं कागदावरच्या रकान्याइतकं लहान आहे. सगळं एकदम होणार नाही हेही मला ठाऊक आहे. म्हणून एकच गोष्ट आधी करा. येत्या ९ तारखेच्या शिबिरापूर्वी एक परिपत्रक काढा: चौदा आठवड्यांच्या आत प्रत्येक गरोदर बाईची एक सोनोग्राफी, जुळं असेल तर वार एक की दोन हे लिहिल्याशिवाय अहवाल पुरा नाही, आणि एक वार असेल तर दर पंधरा दिवसांच्या तपासणीचं भाडं सरकारकडून. यासाठी नवं यंत्र लागत नाही, नवी इमारत लागत नाही. असलेल्या रेडिओलॉजिस्टचा दिवस बदलावा लागेल आणि छापखान्यात एक फॉर्म नव्याने पाठवावा लागेल.

कळावे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त सरकारी स्त्रीरोगतज्ज्ञ